अर्ध्यावर थांबलेल्या विमानतळाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांच्या खर्चावरील आमच्या लेखात मेक्सिको सिटीजवळच्या टेक्सकोको विमानतळाचा एका वाक्यात उल्लेख झाला होता. बांधकाम सुरू असताना 2018 मध्ये हा विमानतळ रद्द झाला, एवढेच त्या वाक्यात होते. त्यावर वाचकांची इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. उत्तरांतील बहुतेक रकमा मेक्सिकोच्या पेसो या चलनात आहेत. ज्या काळाबद्दल आपण बोलत आहोत, त्या काळात एक पेसो साधारण साडेतीन रुपयांच्या आसपास होता, हे ध्यानात ठेवल्यास रकमांचा अंदाज येईल.

प्रश्न : इतका मोठा विमानतळ मुळात हवा कशाला होता आणि तो रद्द का झाला? प्रकरण थोडक्यात समजावून सांगावे. (एक वाचक, सोलापूर)

मेक्सिको सिटीचा बेनितो हुआरेस विमानतळ शहराच्या वस्तीत अडकलेला आहे. त्याला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत. 2018 मध्ये या विमानतळावरून सुमारे 4 कोटी 77 लाख प्रवाशांनी ये-जा केली. गरज खरी होती आणि ती कोणत्याही पक्षाने नाकारली नव्हती. वाद होता तो जागेचा, खर्चाचा आणि निर्णय घेण्याच्या पद्धतीचा.

सप्टेंबर 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांनी शहराच्या पूर्वेला, जुन्या टेक्सकोको सरोवराच्या पात्रात नवा विमानतळ उभारण्याची घोषणा केली. आराखडा ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर आणि मेक्सिकोचे फर्नांदो रोमेरो यांचा होता. सुमारे 4,400 हेक्टर जागा, पहिल्या टप्प्यात तीन आणि अखेरीस सहा धावपट्ट्या आणि पूर्ण क्षमतेला वर्षाकाठी 12 कोटी प्रवासी असे त्याचे स्वरूप होते. घोषणेच्या वेळी खर्च 16,900 कोटी पेसो सांगितला गेला. 2018 पर्यंत अधिकृत अंदाज 28,500 कोटी पेसोंच्या घरात गेला होता. या वाढीतला काही भाग पेसोची किंमत घसरल्यामुळे झाला, कारण बरीच देणी डॉलरमध्ये होती. तरी सामान्य मतदाराला दिसले ते एवढेच, की चार वर्षांत आकडा जवळजवळ पावणेदोनपट झाला.

आन्द्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी 2018 ची निवडणूक लढवताना या प्रकल्पावर उधळपट्टीचा आणि भ्रष्टाचाराचा आरोप केला. निवडून आल्यावर, पण पदभार स्वीकारण्याच्या आधीच, त्यांनी लोकांचा कौल घेतला आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी प्रकल्प रद्द होणार असल्याचे जाहीर केले. त्याऐवजी सांता लुसिया येथील हवाई दलाच्या तळावर लष्कराकडून दुसरा विमानतळ बांधून घेण्यात आला. फेलिपे आन्हेलेस या नावाने तो 21 मार्च 2022 रोजी सुरू झाला.

प्रश्न : सरोवराच्या पात्रात विमानतळ बांधणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते का, की जमीन खचण्याची भीती राजकीय होती? (स्थापत्य अभियंता, पुणे)

शक्य होते, पण महाग होते, आणि ती महागाई उद्घाटनाच्या दिवशी संपणारी नव्हती.

तिथली माती म्हणजे अतिशय पाणथळ, मऊ चिकणमाती आहे. भूजलाच्या उपशामुळे त्या खोऱ्यातील जमीन दरवर्षी खचत असते आणि सगळीकडे सारख्या प्रमाणात खचत नाही, ही धावपट्टीच्या दृष्टीने खरी अडचण असते. त्यावर उपाय म्हणून धावपट्ट्यांच्या जागी जमिनीत उभे निचरे बसवून वर तेसोन्त्ले नावाचा हलका ज्वालामुखी दगड आणि बेसॉल्ट यांचे जाड थर चढवले गेले. त्या वजनाने मातीतले पाणी महिनोन्महिने पिळून निघते आणि जमीन आधीच दबून घट्ट होते. ही पद्धत अभियांत्रिकीत मान्यताप्राप्त आहे, हे आपल्याला ठाऊकच असेल. मात्र त्या दगडासाठी आसपासच्या टेकड्या फोडण्यात आल्या, ट्रकांच्या रांगा गावांतून जाऊ लागल्या आणि प्रकल्पाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या लोकांनाही त्याची झळ बसली. खाणींचे हे नुकसान प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कुठेच मोजलेले नव्हते.

प्रश्न : मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम केले आहे. रद्द करण्याचा खर्च एका ठिकाणी 10,000 कोटी पेसो, दुसऱ्या ठिकाणी 33,000 कोटी आणि तिसऱ्या ठिकाणी 11,300 कोटी असा वाचला. एकाच घटनेचे तीन आकडे कसे? त्यांतला खरा कोणता? (निवृत्त लेखापाल, नाशिक)

आपला प्रश्न या साऱ्या वादाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिला आकडा सरकारच्या दळणवळण आणि वाहतूक मंत्रालयाचा, रद्द करण्याच्या सुमाराचा ढोबळ अंदाज आहे. दुसरा आकडा फेब्रुवारी 2021 मध्ये आला. मेक्सिकोच्या संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी सर्वोच्च लेखापरीक्षण संस्था, म्हणजे आपल्याकडील महालेखापरीक्षकांच्या समकक्ष यंत्रणा, हिने आपल्या अहवालात रद्द करण्याचा खर्च 33,199 कोटी पेसोंहून अधिक असल्याचे लिहिले. म्हणजे प्रकल्प पूर्ण करण्यासाठी जो खर्च अपेक्षित होता, त्याहूनही तो रद्द करण्याचा खर्च जास्त ठरत होता. स्वाभाविकच देशभर गदारोळ झाला. राष्ट्राध्यक्षांनी आपल्याकडे वेगळी आकडेवारी असल्याचे पत्रकारांना सांगितले, आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत खुद्द लेखापरीक्षण संस्थेने आपल्या पद्धतीत त्रुटी राहिल्याचे मान्य केले. फेरतपासणीनंतर तिने दिलेला किमान आकडा 11,332 कोटी पेसोंहून थोडा अधिक होता. हा आपण वाचलेला तिसरा आकडा.

असा फरक कुठून येतो, हे आपल्यासारख्या जाणकाराला उदाहरणाने लगेच कळेल. एखाद्या संस्थेने शंभर रुपये कर्ज काढले, त्यातले साठ बांधकामावर खर्च केले आणि मग बांधकाम सोडून दिले. आता तोटा मोजताना खर्च झालेले साठही धरले, कर्ज फेडण्याचे शंभरही धरले आणि पुढच्या पंचवीस वर्षांचे व्याज आजच्या मूल्यात न आणता जसेच्या तसे मिळवले, तर बेरीज फुगते, कारण तोच पैसा एकदा खर्च म्हणून आणि एकदा परतफेड म्हणून मोजला जातो. उरलेले चाळीस रुपये हातात आहेत, याचीही वजावट करावी लागते.

म्हणून 33,199 कोटी हा आकडा मी वापरणार नाही, आणि आजही तो भाषणांतून वापरणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती झाली आहे हे सांगितलेच पाहिजे. मात्र दुरुस्त आकडाही लहान नाही, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. अकरा हजार कोटींहून अधिक पेसो म्हणजे आपल्या चलनात जवळपास चाळीस हजार कोटी रुपये झाले आणि तेही किमान. विरोधकांनी उचललेला फुगलेला आकडा चुकीचा ठरला म्हणून सरकारचा निर्णय स्वस्त ठरत नाही. दोन्ही बाजूंनी या दुरुस्तीचा उपयोग हिशेब समजून घेण्यासाठी न करता एकमेकांना खोटे ठरवण्यासाठी केला, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण लेखापरीक्षण संस्थेची विश्वासार्हता एकदा गेली की पुढच्या प्रत्येक प्रकल्पात नागरिकांच्या बाजूने आकडे तपासणारे कोणी उरत नाही.

या किमान आकड्यात काय मोडते, तेही पाहू. जमीन दाबण्यासाठी टाकलेला दगड, अर्धवट उभे राहिलेले पोलाद, पाया आणि आराखडे यांवर झालेला खर्च बहुतांशी परत मिळणारा नव्हता. मग येतात कंत्राटे. सुमारे 692 कंत्राटे मुदतीपूर्वी संपवावी लागली. त्यांतले एकट्या टर्मिनलच्या इमारतीचे कंत्राटच जवळजवळ 8,500 कोटी पेसोंचे होते आणि ते 2017 मध्ये मेक्सिकोतील उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्या कंपनीचा सहभाग असलेल्या समूहाला मिळाले होते. झालेल्या कामाचे पैसे देणे, मागवलेल्या सामग्रीचे पैसे देणे आणि करार मोडल्याची भरपाई देणे अशा तीन वाटांनी ही देणी निघाली. त्यानंतर कर्जाशी निगडित खर्च येतो. त्याबद्दल पुढचाच प्रश्न आहे.

काय मोडत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या विमानतळावरची गर्दी तशीच राहिल्याने प्रवाशांचा गेलेला वेळ, सांता लुसियाच्या बांधकामाचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला टेक्सकोको पूर्ण झाला असता तर त्याच्या खचणाऱ्या धावपट्ट्यांवर दरवर्षी करावा लागला असता तो देखभालखर्च, यांपैकी काहीही या आकड्यात नाही. प्रकल्प रद्द करणे योग्य होते की अयोग्य, हे ठरवायला या सर्व बाबी लागतात. केवळ रद्द करण्याच्या खर्चाच्या आकड्यावरून तो निवाडा होऊ शकत नाही.

प्रश्न : कामानिमित्त मी ह्यूस्टनहून मेक्सिको सिटीला जात असते. तिथले सहकारी म्हणतात की कधीच न झालेल्या विमानतळाचे पैसे आपण तिकिटातून भरतो. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, ह्यूस्टन)

होय, आपले सहकारी सांगतात ते खरे आहे.

टेक्सकोकोसाठी आंतरराष्ट्रीय बाजारातून एकूण 600 कोटी डॉलरचे कर्जरोखे विकण्यात आले होते. त्यांतले 200 कोटींचे रोखे 2016 मध्ये आणि 400 कोटींचे 2017 मध्ये विकले गेले. त्यांच्या परतफेडीच्या मुदती 2026, 2028, 2046 आणि 2047 अशा ठरल्या होत्या. या रोख्यांना तारण म्हणून केवळ नव्या विमानतळाचे भावी उत्पन्न नव्हे, तर जुन्या, सुरू असलेल्या बेनितो हुआरेस विमानतळाचे प्रवासी शुल्कही ठेवले होते. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती. नवा विमानतळ झाला नाही तरी जुन्या विमानतळावरून प्रवासी जातच राहणार, आणि प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटात ते शुल्क असणारच.

प्रकल्प रद्द होणार म्हटल्यावर नव्या सरकारसमोर रोखेधारकांची समजूत काढण्याचे काम आले. करार मोडल्याचे कारण दाखवून सर्वांनी एकदम पैसे मागितले असते, तर देशाची पत धोक्यात आली असती. त्यामुळे घोषणा झाल्यावरही बांधकाम अधिकृतपणे काही आठवडे सुरूच ठेवण्यात आले. डिसेंबर 2018 मध्ये सरकारने 180 कोटी डॉलरचे रोखे परत विकत घेतले. ही सवलतीची बोली पहिल्या वेळी रोखेधारकांनी नाकारली आणि अटी सुधाराव्या लागल्या. उरलेले 420 कोटी डॉलरचे रोखे बाजारातच राहिले आणि त्यांचे व्याज व मुद्दल त्या शुल्कातून भागवण्याची व्यवस्था कायम राहिली.

याशिवाय मार्च 2018 मध्ये देशांतर्गत गुंतवणूकदारांकडून 3,000 कोटी पेसो उभे केले होते, आणि त्यांत कामगारांच्या निवृत्तिवेतन निधींचाही पैसा होता. तो पैसा सुमारे 3,400 कोटी पेसो देऊन परत करण्यात आला. कामगारांचे नुकसान टळले ही चांगलीच गोष्ट झाली. तरी मार्च 2018 ही तारीख मला खटकते. जुलैमध्ये निवडणूक होती आणि आघाडीवर असलेला उमेदवार हा प्रकल्प थांबवण्याची भाषा उघडपणे करत होता. अशा वेळी कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा त्यात गुंतवू देणे हा निर्णय कोणत्याही पक्षाच्या सरकारने घेतला असता तरी मी त्याला बेजबाबदारच म्हटले असते.

ज्या विमानतळावरून शुल्क गोळा होते, त्याच्याच डागडुजीला मग पैसे कमी पडतात, हा या व्यवस्थेचा पुढचा परिणाम आहे, आणि आपण तिथल्या टर्मिनलमधून नेहमी जात असाल तर तो आपल्या लक्षात आला असेल.

प्रश्न : लोकांना विचारून प्रकल्प रद्द केला, तर त्यात वाईट काय? आपल्याकडे तर विचारतही नाहीत. (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

विचारणे वाईट नाहीच. पण कसे विचारले, हे पाहावे लागते.

25 ते 28 ऑक्टोबर 2018 या चार दिवसांत हा कौल घेतला गेला. 10 लाख 67 हजारांहून अधिक लोकांनी मत दिले आणि त्यांपैकी जवळजवळ 70 टक्के लोकांनी सांता लुसियाच्या पर्यायाला पसंती दिली. मात्र देशातील नोंदणीकृत मतदार तेव्हा सुमारे 8 कोटी 90 लाख होते, म्हणजे सहभाग सव्वा टक्क्याच्या आसपास होता. देशातील सुमारे 2,400 नगरपालिकांपैकी फक्त 538 ठिकाणी मतदान झाले. हा कौल निवडणूक आयोगासारख्या स्वायत्त संस्थेने घेतलेला नव्हता, त्याला कायद्याचा आधार नव्हता, आणि एकच व्यक्ती एकाहून अधिक ठिकाणी मत देऊ शकते हे पत्रकारांनी स्वतः करून दाखवले. ज्या नेत्याने आपले मत आधीच जाहीर केले होते, त्याच्याच पक्षाच्या लोकांनी खर्च करून तो घेतला होता. दुसऱ्या दिवशी पेसो तीन टक्क्यांहून अधिक घसरला, तो मतदानाच्या निकालामुळे जितका, तितकाच पुढील करारांचेही असेच होईल या धास्तीमुळे.

तरीही आपल्या प्रश्नातील दुसरे वाक्य मला टाळता येत नाही. 2014 मध्ये प्रकल्प जाहीर करताना तर असा सदोष कौलदेखील कोणी घेतला नव्हता. सरोवराच्या काठी राहणाऱ्या गावांना विश्वासात न घेता आराखडा ठरला, निविदा निघाल्या आणि रोखे विकले गेले. 2018 च्या कौलावर टीका करणाऱ्यांपैकी अनेकांना ही चूक दिसत नाही, आणि तिच्यावर बोट ठेवणाऱ्यांना 2018 चा कौल निर्दोष वाटतो.

प्रश्न : ती जागा आणि सांता लुसियाचा विमानतळ यांचे आज काय आहे? (एक वाचक, मडगाव)

सरोवराच्या पात्रातील सुमारे 14,000 हेक्टर क्षेत्र मार्च 2022 मध्ये संरक्षित नैसर्गिक क्षेत्र म्हणून घोषित झाले, तिथे सार्वजनिक उद्यान उभारण्यात आले आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या पाणथळ जागा राखल्या जात आहेत. फेलिपे आन्हेलेस विमानतळाला प्रवासी मिळवण्यासाठी मात्र झगडावे लागले. तो शहराच्या मध्यापासून सुमारे 45 किलोमीटरवर आहे. 2024 मध्ये तेथून सुमारे 63 लाख प्रवासी गेले-आले. सरकारने मालवाहू विमाने तिकडे हलवली आणि बेनितो हुआरेस येथे दर तासाला होणाऱ्या उड्डाणांची व उतरणाऱ्या विमानांची कमाल संख्या 61 वरून आधी 52 आणि मग 43 वर आणली. सांता लुसिया स्वबळावर प्रवासी खेचत असते, तर या सक्तीची गरज भासली नसती.

प्रश्न : आमच्या तालुक्यात विमानतळासाठी सात गावांची जमीन घेण्याचे ठरले आहे आणि आमचा विरोध आहे. मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी विमानतळ थांबवला असे ऐकतो. त्यांच्या अनुभवातून आम्ही नेमके काय घ्यावे? (शेतकरी, पुरंदर तालुका)

आपण ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण ती 2018 ची नव्हे, 2002 ची आहे.

ऑक्टोबर 2001 मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष विसेन्ते फॉक्स यांनी याच परिसरात विमानतळ करण्यासाठी पाच हजार हेक्टरहून अधिक जमीन ताब्यात घेण्याचे 19 आदेश काढले. त्यांतली बरीचशी सान साल्वादोर आतेन्को आणि शेजारच्या गावांची सामाईक शेतजमीन होती. मोबदला होता चौरस मीटरला 7 पेसो 20 सेंटाव्हो. जुलै 2002 मध्ये गावकरी कोयते घेऊन रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. 1 ऑगस्ट 2002 रोजी सरकारने प्रकल्प मागे घेतला.

त्याची किंमत गावांनी नंतर मोजली. मे 2006 मध्ये आतेन्कोत पोलिसांनी केलेल्या कारवाईत दोन तरुणांचा बळी गेला आणि अटकेतील महिलांवर लैंगिक अत्याचार झाले. त्या वेळी त्या राज्याचे गव्हर्नर पेन्या निएतो होते. अकरा महिलांनी न्यायासाठी बारा वर्षे झगडा दिला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मेक्सिकोला दोषी ठरवले. याच पेन्या निएतो यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून 2014 मध्ये शेजारच्या सरकारी जमिनीवर तोच विमानतळ पुन्हा आणला.

आता 2002 आणि 2018 हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी प्रकल्प रद्द झाला, तेव्हा रोखे विकलेले नव्हते, शेकडो कंत्राटे झालेली नव्हती आणि तारण ठेवलेले शुल्कही नव्हते. सरकारला आदेश मागे घेणे तुलनेने सोपे गेले. दुसऱ्या वेळी विरोध जुनाच होता, पण तो सत्तेपर्यंत पोहोचेतो पैसा बांधला गेला होता, आणि रद्द करण्याच्या खर्चाचा ओघ ज्यांचा या वादाशी काही संबंध नाही अशा प्रवाशांकडे वळला.

त्यामुळे आपल्या बाजूने लढा असो वा वाटाघाटी, मोबदल्याच्या दराइतकेच लक्ष प्रकल्पाच्या अर्थव्यवस्थेकडे असू द्या. पैसा कोणाकडून उभा राहणार आहे, त्याला तारण काय ठेवले जाणार आहे, पहिले मोठे कंत्राट कोणत्या महिन्यात निघणार आहे आणि ते निघण्यापूर्वी सामाजिक परिणामांचा व पर्यावरणाचा अहवाल आपल्यापर्यंत मराठीत पोहोचणार आहे का, हे प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात लेखी घाला आणि त्यांची लेखी उत्तरे माहितीच्या अधिकाराखाली मागा. जमीन गेल्यावर प्रकल्प बारगळला, तर ती परत मिळण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे आणि किती वर्षांनंतर लागू होते, हेही भूसंपादन अधिकाऱ्याकडून सुनावणीत नोंदवून घ्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यात न वापरलेल्या जमिनीबाबत तरतूद आहे, पण आपली जमीन त्या कायद्याखाली घेतली जात आहे की राज्याच्या औद्योगिक विकास कायद्याखाली, यावर ती लागू होणे अवलंबून राहते. हा मुद्दा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नका.